घरी बांधलेला विवर्धक : रोधक-धारित्रांची मूल्ये कशी ठरवावीत

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तीस-पस्तीस किलोमीटरांवर चौमूं हे गाव लागते. अशा गावातील एखाद्या होतकरू मुलाने घरच्या घरी ध्वनिविवर्धक बांधावयाचे मनात आणले, तर मंडलाची आकृती त्याला सहज मिळते. अडचण येते ती सुट्या भागांची. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळ किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीजवळ राहणाऱ्यास एखादा रोधक कमी पडला तर पायी जाऊन आणता येतो. चौमूंच्या मुलास त्यासाठी जयपूर गाठावे लागते, आणि दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी बसभाडे मात्र त्याच्या अनेक पट भरावे लागते. आकृतीत ६८० ओहम लिहिले आहे आणि डबीत १ किलोओहम आहे, चालेल काय? २२ मायक्रोफॅरडऐवजी ४७ लावला तर काय बिघडेल? आणि ९-०-९ चे रोहित्र मिळाले नाही, १२-०-१२ चे मिळाले, तर?

या तीन प्रश्नांची उत्तरे एकसारखी नाहीत. पहिल्या दोन बदलांनी फारसे काही बिघडत नाही. तिसऱ्याने चिप जळू शकते. आकृतीत मात्र तिन्ही आकडे सारख्याच ठसठशीतपणे छापलेले असतात. कोणता आकडा लवचिक आहे आणि कोणता नाही, हे ओळखावयाचे तर तो आकडा मुळात कसा आला हे पाहिले पाहिजे.

उदाहरणादाखल आपण टी.डी.ए. २०३० ही चिप घेऊ. एस.जी.एस.-अटेस या इटालियन कंपनीने ती बाजारात आणली. ही कंपनी १९८७ साली फ्रान्सच्या थॉमसनच्या अर्धवाहक शाखेत मिळाली आणि आज एस.टी.मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या नावाने ओळखली जाते. पाच पायांची आणि पाठीला धातूची पट्टी असलेली ही चिप आपल्याकडील छोट्या कारागिरांनी इतकी वापरली आहे की, आज तिच्या नकलाही मुबलक मिळतात. हल्ली याहून कमी तापणाऱ्या चिपांच्या तयार पट्ट्या स्वस्तात येतात, हे खरे; परंतु त्यांवर सर्व काही आधीच जोडलेले असल्यामुळे निवडावयाचे असे फारसे उरत नाही. शिकण्यासाठी जुनीच चिप बरी.

या चिपच्या पोटात अनेक ट्रान्झिस्टर असतात व तिचे अंगभूत विवर्धन हजारो पट असते. एवढे विवर्धन जसेच्या तसे वापरता येत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट दिशेने आत आणून चिपला आवर घातला जातो. यास ऋण पुनःप्रदाय म्हणतात. हा अंश किती असावा, हे दोन रोधक ठरवितात. नेहमीच्या आकृतीत त्यांपैकी एक २२ किलोओहमचा व दुसरा ६८० ओहमचा असतो. पहिल्याला दुसऱ्याने भागून त्यात एक मिळवावा : २२,००० ÷ ६८० म्हणजे सुमारे ३२.४, अधिक १, म्हणजे ३३.४. आत एक व्होल्ट आला तर बाहेर तेहतीस व्होल्ट देण्याचा चिप प्रयत्न करील, असा याचा अर्थ.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात येईल. हिशेबात दोन रोधकांचे गुणोत्तर आले, त्यांची मूल्ये स्वतंत्रपणे आली नाहीत. तेव्हा ६८० ओहमचा रोधक नसेल, तर ३३ किलोओहम व १ किलोओहम ही जोडी लावावी. विवर्धन ३४ पट होते व कानाला फरक कळत नाही. चौमूंच्या मुलाचा पहिला प्रश्न येथेच सुटला.

मग आकृती करणाऱ्याने २० किलोओहम किंवा ७०० ओहम असे गोल आकडे का घेतले नाहीत? कारण तसे रोधक नेहमीच्या मालात नसतात. १९५२ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तंत्र आयोगाने रोधक व धारित्रे यांच्या मूल्यांच्या श्रेणी प्रमाण म्हणून प्रसिद्ध केल्या. त्यांतील सर्वांत परिचित श्रेणी १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ अशी आहे. पुढे तेच आकडे दहापट, शंभरपट होत जातात. यातील प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.२१ पट आहे. दहा टक्के चूकभूल धरली, तर २२ म्हणून विकलेला रोधक प्रत्यक्षात १९.८ ते २४.२ यांमध्ये कोठेही असू शकतो आणि २७ चा रोधक २४.३ पासून सुरू होतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांची कुंपणे जवळजवळ एकमेकांना टेकलेली असतात व कारखान्यातून निघालेला प्रत्येक रोधक कोणत्या तरी आकड्याच्या हद्दीत पडतोच. म्हणून त्या काळी ‘नेमके २३’ मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार आश्चर्याने पाहत असे, त्यात त्याचा दोष नव्हता.

गुणोत्तर सांभाळले म्हणजे काहीही चालेल, असे मात्र नाही. २२० किलोओहम व ६.८ किलोओहम ही जोडी घेतली तर गुणोत्तर तेच राहते. परंतु चिपच्या प्रवेशपायातून अल्पसा एकदिश प्रवाह वाहत असतो, साधारणतः ०.२ मायक्रोअँपिअर व वाईटात वाईट नमुन्यात २ मायक्रोअँपिअर. हा २ मायक्रोअँपिअरचा प्रवाह २२० किलोओहममधून गेला की ०.४४ व्होल्टचा अनिष्ट दाब निर्माण होतो. २२ किलोओहममध्ये तो याच्या दशांश असतो. शिवाय मोठे रोधक जास्त खरखर करतात. उलट टोकाला जाऊन २.२ किलोओहम व ६८ ओहम घेतले, तर त्यांच्या जोडीचे धारित्र दहापट मोठे लागते. २२ किलोओहम ही मधली, व्यवहारी तडजोड आहे. संकेत ज्या पायातून आत येतो, त्या पायापासून भूमीकडे जाणारा रोधकही २२ किलोओहमचाच ठेवतात, तो याच कारणाने : दोन्ही पायांवरील अनिष्ट दाब सारखे झाले म्हणजे ते बव्हंशी एकमेकांना छेदतात. एक बदलून ३३ केला, तर दुसराही ३३ करावा.

आता विवर्धन ३३ पटच का? चार ओहमच्या ध्वनिक्षेपकात १० वॅट शक्ती घालावयाची तर त्यावर सुमारे ६.३ व्होल्ट दाब लागतो. तेहतीस पट विवर्धनाने तो मिळविण्यास आत ०.१९ व्होल्ट पुरतात. जुन्या टेपरेकॉर्डरला हे योग्य होते. आजच्या मोबाइल फोनच्या श्रवणिकेच्या खाचेतून अर्धा व्होल्ट सहज येतो. तेव्हा आवाजाचा खुंटा थोडा फिरविताच विवर्धक आपल्या मर्यादेला पोचतो व आवाज फाटतो. मनात येते की विवर्धन दहा पटींवर आणावे. तसे करू नये. निर्मात्याच्या माहितीपत्रकात किमान २४ डेसिबल, म्हणजे सुमारे १६ पट, विवर्धन ठेवण्यास सांगितले आहे. त्याखाली आणले तर आवर इतका घट्ट होतो की चिप बिथरते व ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेवर स्वतःच कंप पावू लागते. संकेत जास्त असेल, तर तो चिपच्या आधीच, दोन रोधकांची विभागणी करून कमी करावा.

धारित्रांकडे वळू. कारागीर अजूनही त्यांना कंडेन्सर म्हणतात. प्रवेशाशी बसविलेले धारित्र एकदिश दाब अडविते व ध्वनिसंकेत पुढे जाऊ देते. परंतु कमी कंप्रतेचा, म्हणजे खर्जाचा, ध्वनी पुढे जाऊ देण्यास त्याला कष्ट पडतात. कोणत्या कंप्रतेखाली ध्वनी क्षीण होऊ लागतो, हे काढण्यास रोधक व धारित्र यांचा गुणाकार करून त्याला ६.२८ ने गुणावे व एकाला त्या संख्येने भागावे. २२ किलोओहम व १ मायक्रोफॅरड यांसाठी उत्तर ७ हर्ट्झ येते. मनुष्याचा कान सुमारे २० हर्ट्झच्या खाली ऐकत नाही, म्हणजे येथे सढळ हाताने जागा सोडलेली आहे. ६८० ओहमच्या जोडीला असलेल्या २२ मायक्रोफॅरडचे उत्तर १०.६ हर्ट्झ येते. तेथे ४७ लावल्यास सीमा ५ हर्ट्झवर जाते; ऐकणाऱ्याला काहीही फरक पडत नाही. दुसरा प्रश्नही मिटला.

उलट दिशेने, १ मायक्रोफॅरडऐवजी ०.१ बसविला, तर सीमा ७२ हर्ट्झवर येते व ढोलकाच्या धुमेतील भरीवपणा जातो. तरीही माझे मत असे आहे की, चार इंची लहान ध्वनिक्षेपक वापरणाऱ्याने मुद्दामच लहान धारित्र घ्यावे. तेवढ्याशा कागदी शंकूला ५०-६० हर्ट्झचा आवाज काढताच येत नाही. तो फक्त पुढेमागे हेलकावे खातो, तारगुंडाळी तापते आणि आवाज फाटतो. ०.२२ मायक्रोफॅरड, म्हणजे ३३ हर्ट्झची सीमा, हा मध्यममार्ग आहे. पुस्तकातील आकृती मोठा ध्वनिक्षेपक गृहीत धरते. तुमच्यापुढे कोणता आहे हे तिला ठाऊक नसते.

चिपच्या निर्गमाशी १ ओहमचा रोधक व ०.२२ मायक्रोफॅरडचे धारित्र एकापुढे एक जोडून भूमीला नेलेले असतात. नवशिके ही जोडी हमखास गाळतात, कारण ती नसली तरी विवर्धक वाजतो. १ किलोहर्ट्झला या धारित्राचा विरोध ७०० ओहमांहून अधिक असतो. म्हणजे गाण्याच्या दृष्टीने ती जोडी तेथे नाहीच. परंतु ५०० किलोहर्ट्झच्या आसपास तिचा एकूण विरोध एक-दोन ओहमांवर येतो आणि त्या कंप्रतेवर ध्वनिक्षेपकाची तार व गुंडाळी जे विचित्र ओझे चिपवर टाकतात, त्याला ती आळा घालते. ती नसेल तर चिप अश्राव्य कंप काढू लागते. ऐकू काही येत नाही. मात्र काहीही वाजत नसताना पत्रा चटका देऊ लागतो. येथे ०.२२ ऐवजी ०.१ चालेल, १ ओहमऐवजी २.२ चालेल, जोडी मात्र हवीच. विवर्धक बंद करून पाहिले असता हाच एक ओहमचा रोधक करपलेला दिसला, तर कंप झाला होता असे खुशाल समजावे. तसेच, वीजपुरवठ्याच्या दोन पायांपासून भूमीला जोडावयाची ०.१ मायक्रोफॅरडची धारित्रे चिपच्या पायांना अगदी खेटून बसवावीत. तेथे मूल्यापेक्षा अंतर महत्त्वाचे असते. वीतभर तारेच्या टोकाला लावलेले धारित्र तेथे असून नसल्यासारखेच.

आतापर्यंतच्या चुका स्वस्त होत्या. वीजपुरवठ्याची चूक महाग पडते, आणि ती करणारे पुष्कळ असतात.

दुकानात ‘ट्वेल्व्ह-झीरो-ट्वेल्व्ह’ नावाने मिळणारे रोहित्र सर्वांत प्रचलित आहे. त्यातून दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट मिळतील व चिपची मर्यादा तर दोन्ही बाजूंना १८ व्होल्ट आहे, तेव्हा सहा व्होल्टांची शिल्लक राहिली, असा हिशेब नवशिका करतो. हा हिशेब तीन ठिकाणी चुकतो. पहिले, १२ हा प्रत्यावर्ती दाबाचा परिणामी आकडा आहे. दाबाचे शिखर त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्ट असते आणि डायोडानंतरचे मोठे धारित्र त्या शिखरापर्यंत भरते. दुसरे, रोहित्रावर छापलेला दाब पूर्ण भाराचा असतो. लहान रोहित्रात भार नसताना तो दहा-पंधरा टक्क्यांनी अधिक भरतो. १२ चे साडेतेरा होतात, त्यांचे शिखर १९ व्होल्ट, डायोडाचे ०.७ वजा जाता १८.४. म्हणजे एकही गाणे न लावता मर्यादा ओलांडली गेली. तिसरे, घरातील वीज २३० व्होल्टची असावी असे आपण धरतो. रात्री उशिरा, शेजारपाजारचे पंप व दिवे बंद झाल्यावर ती २५० वर गेली, तर हाच आकडा २० व्होल्टांवर जातो. सायंकाळी नीट वाजणारा विवर्धक पहाटे मेलेला आढळतो आणि मुलगा चिपला किंवा दुकानदाराला दोष देतो.

९-०-९ च्या रोहित्राने हेच गणित करू. भार नसताना ९ चे १०.२ होतात, शिखर १४.४, डायोड वजा जाता १३.७. वीज २५० व्होल्टवर गेली तरी १५ व्होल्ट. चिपला धोका नाही. भार पडल्यावर १२ व्होल्ट उरतात व चार ओहमात नऊ-दहा वॅट मिळतात, तर १४ व्होल्टांवर माहितीपत्रक १४ वॅटचे आश्वासन देते. चार वॅट गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. १० व १४ वॅट यांतील फरक दीड डेसिबलचा, जेमतेम जाणवेल इतका आहे. दीड डेसिबलसाठी चिप पणाला लावणे मला शहाणपणाचे वाटत नाही. १२-०-१२ च घरात पडून असेल, तर टी.डी.ए. २०३० ए ही सुधारित चिप घ्यावी. तिची मर्यादा दोन्ही बाजूंना २२ व्होल्ट आहे. मात्र नकली मालावर ‘ए’ हे अक्षर छापणे फार सोपे असते, हेही ध्यानात ठेवावे.

रोहित्रापुढच्या मोठ्या धारित्रांचे मूल्य असे ठरते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते व पूर्ण एकदिशकारकामुळे धारित्र दर शंभराव्या सेकंदाला भरते. मधल्या वेळात त्यालाच चिप पोसावी लागते. चार ओहमात ९ व्होल्ट शिखराचा सूर वाजत असता प्रत्येक बाजूकडून सरासरी ०.७ अँपिअर ओढले जातात. ०.७ ला ०.०१ सेकंदाने गुणून धारित्राच्या मूल्याने भागले की दाब किती खचतो ते कळते : १,००० मायक्रोफॅरडला ७ व्होल्ट, २,२०० ला सुमारे ३, ४,७०० ला दीड. प्रत्यक्षात खच याहून थोडी कमी असते, पण कौल स्पष्ट आहे. १,००० अपुरे, २,२०० एका विवर्धकास बरे, डाव्या-उजव्या अशा दोन विवर्धकांना ४,७००. याहून मोठे घेतल्यास आवाजात भर पडत नाही, उलट सुरू करतानाचा झटका वाढतो. दाबाची मर्यादा २५ व्होल्टची घ्यावी. १६ व्होल्टचे धारित्र स्वस्त असते. परंतु १५ व्होल्टांपर्यंत चढणाऱ्या पुरवठ्यावर, राजस्थानच्या उन्हाळ्यात, बंद पेटीत ते फार दिवस टिकत नाही.

उन्हाळ्याचा उल्लेख आला तो सहज नव्हे. बारा व्होल्ट व चार ओहम यांवर चालणारी ही चिप वाईटात वाईट प्रसंगी सुमारे ७.३ वॅट उष्णता स्वतःच्या अंगात निर्माण करते. आणि हा प्रसंग आवाज पूर्ण चढविला असता येत नाही, मध्यम मोठ्या आवाजावर येतो. आतील सिलिकॉनचे तापमान १५० अंशांजवळ गेले की चिप स्वतःला बंद करते. आपण १३० अंशांची मर्यादा पाळू. मे महिन्यात चौमूंच्या बाजूस सावलीतही पारा ४५ अंशांपर्यंत चढू शकतो; पेटीच्या आतील हवा ५५ धरावी. उरले ७५ अंश. त्यांस ७.३ ने भागले असता प्रत्येक वॅटमागे १०.३ अंश चढण्याची मुभा मिळते. त्यांपैकी ३ अंश चिपच्या सिलिकॉनपासून पाठीच्या पट्टीपर्यंतच खर्च होतात, सुमारे १ अंश अभ्रकाच्या चकतीत जातो. पत्र्याच्या वाट्याला सहा-सव्वासहा उरतात. दहा ते बारा सेंटिमीटर बाजूचा, ३ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा उभा पत्रा हे काम साधारणतः करतो. पेटीच्या बाहेर लावल्यास अधिकच चांगले.

हाच हिशेब महाबळेश्वरच्या एखाद्या घरासाठी केला व पेटीतील हवा ३५ अंशांची धरली, तर पत्र्याला प्रतिवॅट नऊ अंशांची मुभा मिळते व जवळजवळ निम्म्या आकाराचा पत्रा पुरतो. थंड हवेच्या देशात तयार झालेली आकृती जशीच्या तशी उतरवून घेणाऱ्यास म्हणूनच असा अनुभव येतो की, दुपारच्या वेळी गाणे मध्येच थांबते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, पुन्हा थांबते. चिप बिघडलेली नसते. ती पत्र्याच्या आकाराविषयी तक्रार करीत असते. आठ ओहमचा ध्वनिक्षेपक लावल्यास उष्णता निम्मी होते, आणि मोठा पत्रा न मिळाल्यास हा उपाय सर्वांत सोपा. चार-चार ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडून दोन ओहम करणे मात्र कटाक्षाने टाळावे. चिपच्या पाठीची पट्टी आतून ऋण पुरवठ्याला जोडलेली असते, म्हणून अभ्रकाची चकती व स्क्रूवरील प्लॅस्टिकची टोपी गाळता कामा नये. पत्रा पेटीच्या धातूला टेकला तर तत्काळ लघुमंडल होते.

सर्व जोडणी झाल्यावर थेट भिंतीतील वीज देऊ नये. रोहित्राच्या वीजबाजूस अर्ध्या अँपिअरची वितळतार असावी, तेथील उघडे सांधे झाकलेले असावेत व धातूची पेटी भूसंपर्कित असावी. ही बाजू जिवाशी खेळणारी आहे, पुढची सर्व केवळ खिशाशी. प्रथम ६० वॅटचा तंतूचा दिवा एकसरीत जोडून वीज द्यावी, जसा दुरुस्ती करणाऱ्यांच्या सिरीज बोर्डावर असतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर धारित्रे भरली व जोडणी बहुधा ठीक आहे. तो पूर्ण तेजाने जळतच राहिला तर कोठेतरी लघुमंडल आहे आणि दिव्याने चिप वाचविली आहे. यानंतर ध्वनिक्षेपक न जोडता निर्गम व भूमी यांमधील एकदिश दाब मोजावा. तो ५० मिलिव्होल्टांच्या आत असावा. कित्येक व्होल्ट दिसल्यास पुनःप्रदायाचा २२ किलोओहमचा रोधक सुटलेला नाही ना, किंवा दोन पुरवठ्यांपैकी एक गायब नाही ना, हे पाहावे. त्या स्थितीत ध्वनिक्षेपक जोडल्यास त्याची गुंडाळी काही क्षणांत जळते. दाब ठीक असला की दिवा काढावा, ध्वनिक्षेपक जोडावा, बारीक आवाजात एखादे ओळखीचे गाणे दहा मिनिटे लावून ठेवावे आणि मग पत्र्याला बोट लावून पाहावे. पाच सेकंद बोट टेकवता आले तर आवाज वाढविण्यास हरकत नाही.